ज्या घराला तू जामीन राहिलीस

शोभाताई, तू गेल्याचा फोन मी उचलला नाही.

एकदा नाही, सहा वेळा वाजला. मी इथे इंग्लंडात, वृद्धाश्रमाच्या कपडे धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. नंबर भारतातला, पण ओळखीचा नाही. अशा नंबराला मी किती घाबरते हे तुला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाच नाही. पतसंस्थेची वसुलीची माणसं दरवेळी नव्या नंबरावरून फोन करायची, म्हणून मी नियमच करून टाकला होता, नाव दिसलं नाही तर उचलायचं नाही. सहाव्यांदा वाजला तेव्हा मी फोन चादरींच्या ढिगाखाली सारला आणि वरून हात दाबून उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीत व्हॉट्सअॅप उघडलं तर आपल्या दवाखान्याच्या ग्रुपवर तुझा फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मला वाटलं, कुणीतरी चुकून टाकलाय. मग खाली एकामागून एक हात जोडलेली चित्रं येत गेली आणि मी खाली बसले.

तो नंबर वॉर्डातल्या नव्या सिस्टरचा होता हे मागाहून कळलं. लसींची पेटी भरता भरता तू भिंतीला टेकलीस, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊजी धावत आले आणि त्या मुलीला आधी हेच म्हणाले, "वैशालीले फोन लाव." तुझ्या सख्ख्या बहिणीच्याही आधी मला. आणि मी फोन चादरीखाली दाबून उभी.

तुझी तेरवीही झाली. मी आले नाही. ग्रुपवर लिहिलं, रजा मिळत नाही. रजा मी मागितलीच नव्हती. तुला खरं सांगते, तसंही ते तुला माहीतच आहे. मला विमानतळाची भीती वाटते. पासपोर्ट बघणारा माणूस आधी संगणकाकडे बघेल, मग माझ्याकडे, आणि म्हणेल, "मॅडम, जरा बाजूला थांबा." दोन वर्षं झाली, हे वाक्य मी रोज ऐकते आहे. भाजी चिरताना ऐकते, म्हाताऱ्यांना आंघोळ घालताना ऐकते. इथे माझ्या खोलीत राहणारी मुलगी म्हणाली होती की तिच्या गावचा कुणी कर्ज बुडवून आलेला माणूस परतताना असाच अडकला. त्याचं कर्ज किती, गुन्हा काय, काही विचारलं नाही मी. भीतीला तेवढं पुरतं.

यावरून आपलं भांडण व्हायचं. गेल्या दिवाळीला तू म्हणालीस, "तुले कोण धरते व? तू का बँक लुटली? घराचं कर्ज थकलं तुयं. इथं निम्म्या गावाचं थकलं हाये, समदे बाजारात भाजी घेऊन राह्यले." मी म्हटलं, तुला कळत नाही ताई, कायदे बदललेत. तू म्हणालीस, "मले कळत नाही ते बरंय. कळलं असतं तर मीबी तुयासारखी हातरुणात तोंड घालून बसली असती." मी रागाने फोन ठेवला. चार दिवसांनी शनिवारी तुझाच आला, जणू काही झालंच नव्हतं. ते भांडण तसंच राहिलं.

तू मूळची देऊळगाव राजाची, जालन्याकडच्या बोलीची. पण भाऊजी मलकापूरचे, पक्के वऱ्हाडी, आणि मी देऊळघाटची. आम्हा दोघांच्या मधे राहून तूही 'मले-तुले' करायला लागलीस. भाऊजी चिडवायचे, "बायकोची पाटी कोरी करून घेतली म्या." दवाखान्यात तू कायम नोकरीतली मोठी सिस्टर आणि मी कंत्राटावरची. नवऱ्याचं घर सोडून आईला घेऊन आलेली बाई. अशा बाईला भाड्याने खोली मिळवायची तर किती लोकांच्या किती प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, ते तू माझ्यासोबत फिरून पाहिलंस. तिसऱ्या घरमालकाने "मिस्टर कधी येतील?" विचारलं तेव्हा त्याच्या जिन्यातच तू म्हणालीस, "तू आता घरच घेऊन टाक वैशे. दोन खोल्या घे, पण सोताच्या."

दोन खोल्याच होत्या. पिठाच्या गिरणीला लागून, वर पत्रे नाहीत, स्लॅब. पतसंस्थेने घर गहाण ठेवून घेतलं आणि वर पगारदार जामीनदार मागितला. माझ्या ओळखीत पगारदार माणूस एकच होतं. साहेबांनी तुला विचारलं होतं, "बाई, नीट विचार केला ना? हिनं नाही भरले तर तुमच्या पगारातून जातील." तू त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललंस आणि म्हणालीस, "हिचा पगार का अन् माया का, एकाच वॉर्डातून तर येते." सही करून ते पेन तू पर्समध्ये टाकलंस. स्टँडवर भजी खाताना सापडलं तर आपण किती हसलो. घरात गेलो त्या दिवशी बुद्धवंदना झाली तेव्हा तू आईच्या शेजारी पांढरी साडी नेसून बसली होतीस. एक शब्द येत नव्हता, पण ओठ हलवत होतीस. आई नंतर म्हणाली, "ही बाई जीव लावते, हिले दुखवू नको."

दुखवू नको म्हणाली आई. मी काय केलं बघ.

आई त्या घरात तीन वर्षं सुखाने राहिली आणि गेली. मग मला एकटीला त्या दोन खोल्यासुद्धा मोठ्या वाटायला लागल्या. एजंट भेटला, इंग्लंडला म्हाताऱ्यांची सेवा करायला बायका हव्यात म्हणाला, आणि कर्ज वर्षा-दोन वर्षांत फिटेल असा हिशोब त्यानेच मला वहीत करून दिला. घराची चावी मी तुझ्या हातात ठेवली. सवयीने तिला चिकटपट्टी लावून वर पेनाने 'घर' लिहिलं होतं, आपण सलाईनच्या बाटलीवर लिहितो तसं. पहिले आठ-दहा महिने हप्ते नीट गेले. मग ज्या कंपनीने मला इथे आणलं होतं तिचाच परवाना गेला. आम्ही चौदा जणी एका सकाळी बेकार झालो. दुसरं काम मिळेपर्यंत अर्धं वर्ष गेलं. मिळालं तेही तुटक तासांचं, आणि एजंटाचे उसने घेतलेले पैसे आधी मागे लागलेले. हप्ता थांबला. एक थांबला की दुसरा थांबवायला धीर लागत नाही, आपोआप थांबतो.

पहिली नोटीस आली तेव्हा मी तुला म्हटलं होतं की जामीनदारालाही येत असेल. तू म्हणालीस, "आली व्हती. रद्दीत घातली." मी विचारलं, पगाराला हात तर नाही ना लावला? "लावतात काय? मी साहेबाले जाऊन भेटली. हप्ते बांधून देतो म्हणे. तू पयले तिथं नीट जम." मी विश्वास ठेवला. खरं तर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आणि मग तुझे शनिवारचे फोन सुरू झाले. इथली माझी दुपारची सुट्टी, तिथली तुझी संध्याकाळ. तू बोलायचीस काय, तर काहीच नाही. तुझ्या लेकीचा, पूजाचा अभ्यास, भाऊजींच्या दुकानातले फवारणीचे पंप, कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण. पण दर दोन वाक्यांनी एक वाक्य ठरलेलं, "जोरात बोल. ऐकू येत नाही." मी म्हणायचे, ताई, कान तपासून घे. तू म्हणायचीस, "कानाले धाड भरली काय? तूच मरतुकड्यावानी बोलतं. मोठ्यानं बोल, मोठ्यानं हास." मागे कसली तरी धडधड असायची. विचारलं तर म्हणालीस, दवाखान्याचा जनरेटर. मग मी मोठ्याने बोलायचे. इथल्या सोबतिणी हसायच्या, इंडियाला फोन लावलाय की फोनशिवायच ओरडते आहे.

जनरेटर दर शनिवारी, त्याच वेळेला, दीड वर्ष? मी चार वर्षं तो आवाज भिंतीपलीकडून ऐकलाय ताई. पट्टा सरकला की गिरणी दोन ठोके चुकते आणि पुन्हा लागते. फोनवरही ती तशीच दोन ठोके चुकायची. मला ते कळत नव्हतं असं नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

तेरवीनंतर चार दिवसांनी भाऊजींचा फोन आला. नाव दिसलं म्हणून उचलला.

"वैशाली, कामात नाही ना तू?"

"नाही भाऊजी. बोला."

ते कसे आहेत तुला माहीत आहे, पंपाच्या वॉशरशी बोलतील पण माणसाशी बोलायचं तर शब्द शोधावे लागतात. मग म्हणाले, "तुमची ती भिशी कोणाकडं हाये?"

"कोणती भिशी?"

"अवं, तुमची दोघींची. दीड वर्ष झालं तिचा पगार कमी येत होता. मी म्हटलं, काऊन? तं म्हणे वैशालीसंग भिशी लावली. पूजाच्या फीच्या टायमाले उचलू म्हणे. आता फी आली. म्हणून म्हटलं, आपला नंबर कधी लागते ते इचारावं."

इतकंच आठवतं की समोर एक आजी खुर्चीत बसून मला हात हलवत होती आणि मीही तिला हात हलवला.

"अजून एक हाये," भाऊजी म्हणाले. "शनिवारी सांजच्याले ती बालाजीले जात होती. म्या म्हटलं, तिचा नेम मोडू नये, आपण चालवावा. गेलो. पेढेवाल्याले सांगतलं, आमची मंडळी गेली. त्याले लय वाईट वाटलं. म्हणे, बाई दर शनिवारी पावशेर पेढे न्यायच्या. म्या म्हटलं, दर्शन करून येत असंल. तं तो म्हणे, नाही, देवळात जातांनी तं कधी पाह्यलं नाही. पेढे घ्यायच्या अन् तिकडून तिकडंच निघून जायच्या."

"भाऊजी..."

"ऐक ना. तिच्या पर्समंधी एक चावी सापडली. म्या घरातल्या समद्या कुलपाले लावून पाह्यली. कपाटाले लावली, दुकानाले लावली, तिच्या माहेरच्या पेटीले लावली. कायलेच लागत नाही. सत्तावीस वर्षं झाले लग्नाले. मले आता भेव वाटून राह्यलं वैशाली. मी कोणासंग राहत होतो? तुले काही माहीत असंल तं सांग. तू तिची लय जवळची."

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "मी बघते, विचारून सांगते." ते म्हणाले, "कोणाले इचारशीन आता?" मी म्हटलं, ड्युटीची वेळ झाली. आणि फोन ठेवला.

चावीवरची चिकटपट्टी तू काढून टाकली होतीस, नाहीतर त्यांनी वाचलं असतं. किती विचार करून ठेवला होतास सगळ्याचा. फक्त आपण मरू, हे तुझ्या हिशोबात नव्हतं.

त्या फोनपासून शनिवारपर्यंत तीन दिवस होते. आतापर्यंत मला फोनची भीती होती, टपालाची होती, विमानतळाची होती. त्या तीन दिवसांत कळलं की त्या सगळ्या परक्या माणसांच्या भीत्या होत्या, त्यांच्यापासून पळता येत होतं. ही भाऊजींची होती. सांगितलं तर ते म्हणणार, माझ्या बायकोचा पगार तू खाल्लास, तिच्या काळजात घोर तू घातलास. आणि ते खरंच असेल तर? नर्स आहे मी, हृदय कशाने बंद पडतं ते शिकले आहे. एका कारणाने पडत नाही. पण दीड वर्ष नवऱ्याशी खोटं बोलणं हे त्या कारणांतलं एक नव्हतंच, असं मला कोणीही पुस्तक उघडून दाखवू शकणार नाही.

आणि पुढचं त्याहून वाईट. जामीनदार मेला म्हणून जामीन मरत नाही. मी गप्प राहिले तर उद्या पतसंस्था तुझ्या फंडावर हक्क सांगणार, पूजाच्या फीचे पैसे त्यात आहेत. माझं घर आणखी काही महिने टिकेल, कदाचित. पण त्यासाठी पूजाला घरी बसवायचं, आणि भाऊजींना असं समजू द्यायचं की त्यांची बायको शनिवारी संध्याकाळी पेढे घेऊन कुठेतरी जायची. कुणाच्या तरी घरची चावी तिच्या पर्समध्ये होती.

मी तेही करू शकले असते. तुला खोटं सांगत नाही. दोन दिवस माझ्या मनात तेच होतं.

शनिवारी सुट्टीत, तुझ्या फोनच्या वेळेला, मीच फोन लावला. भाऊजी दुकानात होते. मी नमस्कारही केला नाही. "भाऊजी, ती चावी माझ्या घराची आहे."

मागे कुणीतरी पंप तपासत होतं, फुस्स फुस्स आवाज येत होता.

"तुम्ही आता जाता का तिथं? फोन चालू ठेवा. मला काही सांगायचंय, पण आधी तुम्ही बघा."

त्यांनी विचारलं नाही काय आणि काऊन. शटर ओढल्याचा आवाज आला, मग गाडीचा. फोन खिशात असावा, दहा मिनिटं मी नुसती खरखर ऐकत उभी होते. मग ती धडधड आली, जवळ जवळ येत गेली. गिरणी. दोन ठोके चुकली आणि पुन्हा लागली. मी तिथेच जिन्यावर बसले.

कुलूप उघडलं. चप्पल काढल्याचा आवाज आला, बघ, त्या रिकाम्या घरातही त्यांनी चप्पल बाहेर काढली. आणि मग ते एकेक सांगत गेले, दुकानातला माल मोजून सांगावा तसे.

"झाडलेलं हाये घर. तुया मायच्या फोटोले हार हाये, सुकला. गॅसवर चहाचं गंज हाये, धुऊन पालथं. दोन कप हायेत. दोरीवर तुयी एक साडी वाळत हाये, हिरवी. कडक झाली वाळून." डब्याचं झाकण वाजलं. "पिठाच्या डब्यात कागद हायेत. लय कागद हायेत वैशाली."

"वाचा," मी म्हटलं.

नोटिशी होत्या. प्रत्येक पाकिटावर तुझ्या अक्षरात तारीख, म्हणजे पोचपावतीवर सही करून तूच घेतलेलं. तू मला एकदा ऐकवलं होतंस ते तेव्हा आठवलं, "ज्या घरात चूल पेटते त्या घराले कोणी कुलूप लावत नाही." मी तेव्हा हसले होते. तू मात्र दर शनिवारी जाऊन चहा टाकत होतीस, साडी भिजवून वाळत घालत होतीस, आणि टपालवाल्याला सांगून ठेवून नोटिशी स्वतः घेत होतीस, परत गेल्या तर घर रिकामं आहे हे उघड होईल म्हणून. तू चुकलीस ताई. तू सही करून घेतल्यामुळे त्यांच्या दप्तरी मी सगळ्या नोटिशी मिळूनही तोंड न उघडणारी बाई झाले. पहिल्याच वर्षी घर विकलं असतं तर कर्ज फिटून दोन पैसे उरले असते. तू इतकी शहाणी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचणारी, आणि चुलीच्या भरवशावर बसलीस. मला तुझा राग येतो. मग लगेच कळतं की चूल पेटवायला निदान तू गेलीस. मी तेवढंही केलं नाही.

तेवढ्यात गिरणीवाले शेख चाचा आले असावेत. त्यांचा आवाज मी ओळखला. भाऊजींनी सांगितलं, मी शोभाचा नवरा. चाचा म्हणाले, "अल्ला, बाई गेल्या? म्हणूनच तं दोन-तीन शनिवार झाले आवाज नाही. मी घरी म्हटलं बी, वैशालीताई परत गेली वाटते."

भाऊजी म्हणाले, "वैशाली इथं कुठं? ती तं दोन-तीन वर्षं झाले तिकडंच हाये."

"अन् मंग दर शनिवारी घरात कोण बोले? मी सोता ऐकलं ना भाऊ. दोघी जणी मोठमोठ्यानं बोलायच्या, हासायच्या. दोन कप चहा व्हायचा. वसुलीवाले दोनदा चौकशी करत आले, म्या छातीवर हात ठेवून सांगतलं, राहतात बाई घरात."

मी जिन्यावर तोंडात पदर, पदर कसला, अॅप्रनचं टोक कोंबून बसले होते. जोरात बोल. जोरात हास. फोन स्पीकरवर ठेवून तू माझा आवाज त्या घरात राहायला ठेवला होतास. मी रजा नाही म्हणून, पैसे नाहीत म्हणून, भीती वाटते म्हणून आले नाही, आणि तरी चाचांच्या लेखी दीड वर्ष दर शनिवारी मी घरी होते.

मग मी भाऊजींना सगळं सांगितलं. भिशी नव्हती, तुमच्या बायकोच्या पगारातून माझं कर्ज कापलं जात होतं, मला नीटसं माहीत नव्हतं आणि मी माहीत करून घेतलं नाही. ती कुणाकडे जात नव्हती भाऊजी, माझ्या रिकाम्या घरात एकटी बसून चहा पीत होती. सांगताना मी रडले नाही. इतकी घाबरले होते की रडायलाही जमलं नाही. आता शिवी येईल, आता फोन आपटतील, असं वाटत होतं.

मग ते म्हणाले, "म्हंजे चहा पेत होती."

"हो."

"दुसरा कप?"

"माझा असेल. दाखवायला."

"हाव." एवढाच होकार. मग जमिनीवर बसल्यासारखा आवाज आला. त्या एका 'हाव'मध्ये त्यांना त्यांची बायको परत मिळाली, हे मला समुद्रापलीकडे ऐकू आलं. तेवढ्यासाठी तरी बरं झालं मी बोलले.

मी म्हटलं, "भाऊजी, घर विकायचं. शोभाताईच्या फंडाला हात लागायच्या आत. मी तुमच्या नावाने मुखत्यारपत्र पाठवते, तुम्ही पतसंस्थेत जाऊन..."

"नाही," ते म्हणाले. रागाने नाही. "मी नाही जात एकटा. तिथं साहेब विचारतीन, मले त्यातलं काय कळते? दीड वर्ष माया घरातला पगार कमी येत होता तं ते मले कळलं नाही. मले भेव वाटते त्या ऑफिसाचं." मग म्हणाले, "तुलेबी वाटते, तिनं सांगतलं होतं मले. इमानतळावर धरतीन म्हणतं. धरलं तं मी येतो मुंबईले, सोडवतो. पण तू ये."

तुझ्याशी हेच भांडण अर्धं राहिलं होतं ताई. तू इतक्या वेळा म्हणालीस तरी मी हलले नाही, आणि आता तुझा नवरा तेच म्हणत होता. फरक एवढाच की तू घाबरत नव्हतीस, आणि ते माझ्याइतकेच घाबरले होते.

पासपोर्टच्या खिडकीतला तो माणूस मला आत्ताही दिसतो. हे लिहिताना टेबलावर तिकिटाचा कागद आहे. कदाचित काही होणार नाही, कदाचित बाजूला थांबवतील. घर जाणार हे नक्की. आईची शेवटची भिंत जाणार, नवऱ्याचं घर सोडल्यावर माझ्या नावाने उघडणारं एकमेव दार जाणार. त्या दाराला कुलूप लावायला मीच येते आहे. आले की आधी तुझ्याकडे येईन, म्हणजे भाऊजींकडे. तुझं ते पतसंस्थेचं पेन मला हवंय, अजून चालत असेल तर. सही त्यानेच करेन.

त्या दिवशी जिन्यावर मी हळूच म्हणाले, "येते भाऊजी."

पट्टा सरकला, पुन्हा लागला. तिकडे ते ओरडले, "काय? गिरणी चालू हाये. जोरात बोल."

सुट्टी संपली होती, जिन्यावर माणसं चढत-उतरत होती. मी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं.